थ्रासोनबाबांचा तिसरा दिवस

अकरा वर्षांत अगाथोपस एका अंथरुणात तिसरी रात्र कधी झोपला नव्हता. कुणाला शेत हवं असतं, कुणाला नगरसभेत बसायला जागा हवी असते. अगाथोपसला फक्त एक तिसरी रात्र हवी होती, आणि तेवढीच त्याला मिळत नव्हती.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. बाकीचं जग हे हसण्यावारी नेतं. ख्रिस्ताच्या मंडळ्यांनी मात्र त्याचा नियमच करून टाकला होता. गावोगाव फिरणारा प्रचारक दारी आला की त्याचे पाय धुवायचे, त्याला जेवू घालायचं आणि एक रात्र ठेवून घ्यायचं. फारच नड असली तर दोन. तिसऱ्या दिवशीही जो हलत नाही तो प्रचारक नव्हे, फुकट्या, खोटा संदेष्टा! काढा बाहेर. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी हातावर ठेवायची आणि रामराम. आता नियम काही वाईट नव्हता. देवाचं नाव घेऊन महिना महिना परक्याच्या घरी कोंबड्या झोडणारे त्या काळी थोडे नव्हते. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्याला कोण काय करणार?

तर असा हा अगाथोपस थ्रासोनबाबांचा सोबती. प्रचारकाच्या सोबत्याचं काम सोपं असतं. प्रचारक बोलतो, सोबती वाहतो. दगड पडले तर अर्धे सोबत्याला, कौतुक झालं तर सगळं प्रचारकाला. अगाथोपसच्या खांद्यावरच्या थैलीत दोन वाडगे, बाबांचा जाड झगा, थोडी वाळलेली अंजिरं आणि एक पत्र असायचं. शहरातल्या मोठ्या मंडळीनं दिलेलं हे ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणी दार उघडत नसे. ‘सत्याचा खांब, मंडळीचा दिवा, आमचा लाडका थ्रासोन’ असं चांगलं सात ओळी कौतुक होतं त्यात, आणि शेवटी, ‘सोबत थैली वाहणारा एक.’ अकरा वर्षं तो एक आपला एकच राहिला होता.

एके काळी थ्रासोनबाबा तेलाचे व्यापारी होते. एका वादळात त्यांचं जहाज फुटलं. रात्रभर एका वल्ह्याला मिठी मारून त्यांनी ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना हाका मारल्या. एकही आला नाही. शेवटी, "जो कुणी असशील तो ये बाबा," असं ते म्हणाले, आणि पहाटे कुणीतरी त्यांना केसांना धरून होडीत ओढलं. मग त्यांनी तेलाचा घाणा विकला, पैसा गरिबांना वाटून टाकला, आणि हीच गोष्ट सांगत ते देशोदेशी हिंडू लागले. ऐकणारा रडल्याशिवाय घरी जात नसे. केसांना धरून ओढणारा कोळी म्हणजे हा अगाथोपस. त्यानंही होडी विकली आणि थैली उचलली. पहिली काही वर्षं गोष्टीत ‘अगाथोपस नावाचा कोळी’ असायचा. पुढे नुसता ‘एक कोळी’ झाला. मग ‘एक होडी’. आणि गेली दोन वर्षं ‘देवाचा हात’.

"कोळ्याचा देवाचा हात झालो, आणखी काय पाहिजे?" असं अगाथोपस म्हणायचा खरा. पण देवाच्या हातालाही जेवताना जागा दाराजवळचीच मिळायची, जिथून वारा येतो ती.

दोन वर्षं म्हणालो, कारण दोन वर्षांपूर्वी बाबांची आठवण गळायला लागली. आधी गावांची नावं गेली, मग यजमानांची. मग काल गेला. जुनं सगळं लख्ख होतं. वादळ, वल्हं, कोणत्या बंदरात तेलाला काय भाव होता, सगळं पाठ. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी ठाऊक नसायचं. बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीकडे बघत राहायचे. ते सावरायला अगाथोपसनं खोकला शोधून काढला. एकदा खोकलं की पुढे चला. दोनदा खोकलं की आवरा. तीनदा खोकलं की आशीर्वाद देऊन बसा. आणि घसा खाकरला की उठा, सुरुवात करा. नवल असं, की कालची भाकरी विसरणारे बाबा हे मात्र विसरले नाहीत. पुढे पुढे तर सांगायचीही गरज पडेना, अंगातच भिनलं ते. लोकांना वाटे, बिचाऱ्या सोबत्याची छाती खराब आहे. त्या सगळ्या किनाऱ्यावर अशी एक विधवा नव्हती जिनं अगाथोपसला रानओव्याचा काढा पाजला नाही.

पण खोकून खोकून माणूस किती झाकणार? किनाऱ्यावरच्या आधीच्या गावात बाबा पोटभर जेवले, हात पुसले, आणि घरधनिणीला म्हणाले, "बाई, वाढता कधी? सकाळपासून पोटात काही नाही."

तिथला मंडळीचा वडील चवताळला. "पोटासाठी देव धरलाय यानं! आणखी एका मंडळीनं असंच सांगू दे, की मी सगळीकडे पत्रं धाडतो. एक दार उघडणार नाही तुम्हांला."

अगाथोपसला तेव्हापासून धास्ती लागली होती. थंडी तोंडावर आलेली. बाबांना ना घर, ना दार, ना कुणी नातलग. आणखी एका गावानं ‘खोटा’ म्हटलं, की हा सत्तरीचा म्हातारा कुठल्यातरी कुंपणाखाली गारठून मरणार, हे त्याला भाकरीइतकं स्वच्छ दिसत होतं. अशा वेळी ते दोघं आमच्या अनेमूसा बेटावर उतरले. दोन रात्री काढायच्या, आणि थंडीत होड्यांना समुद्र बंद व्हायच्या आत होडी धरून शहराकडे जायचं. दोनच रात्री. तेवढं तर खोकून निभेल!

आमची मंडळी म्हणजे वीस-बावीस माणसं. जमायची मेलित्ताच्या अंगणात. ही मेलित्ता मासळी खारवून विकणारी विधवा. जीभ तिखट, हात सढळ. आणि मंडळीचा वडील म्हणजे फानियास, दोर वळणारा. माणूस सरळ, पण इतका सरळ की वळणावर घराच्या भिंतीला आपटेल. नियमातला एक शब्द इकडचा तिकडे होऊ देणार नाही. पाहुणा आला की तो कमरेच्या दोरीला रोज एक गाठ मारायचा. दोन गाठी झाल्या की पाहुण्यानं दोरीकडे बघायचं आणि समजायचं.

पहिला दिवस उत्तम गेला. मेलित्तानं पाय धुतले. सगळ्यांनी गालाला गाल लावून शांतीचं चुंबन दिलं. फानियासनं पत्र वाचलं, एकेक अक्षर बोटानं दाबत, ‘सोबत थैली वाहणारा एक’ पर्यंत. मग बाबा बोलले आणि अख्खं अंगण रडलं. अगाथोपस फक्त चारदा खोकला.

"छाती बघा याची!" मेलित्ता म्हणाली. "थांब भाऊ, काढा करते."

"नको ताई."

"गप बस. मध घालते दुप्पट."

दुसरा दिवसही गेला. अगाथोपसचा जीव भांड्यात पडत होता तोच दुपारी उत्तरेचा वारा सुटला. आमचा वारा तुम्हांला ठाऊक नाही. तो आला की शेळ्यासुद्धा भिंत धरून चालतात. तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरात एक होडी हलेना.

फानियास दोरीच्या दोन गाठी चिवडत अंगणात उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण वाऱ्यानं की दुःखानं ते कळायला मार्ग नव्हता. "बंधूंनो, दोन रात्री झाल्या. नियम तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"फानियासदादा, डोळे फुटलेत का तुमचे?" मेलित्ता कडाडली. "जातील कुठे? पोहत?"

"नियमात वाऱ्याबद्दल काही नाही, मेलित्ता."

"मग वाऱ्याला सांगा नियम! तोही दोन दिवसांनी निघून जाईल!"

फानियासनं दोन भाकऱ्या पुढे केल्या. "पुढच्या मुक्कामापर्यंत," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं, कारण पुढचा मुक्काम समुद्राच्या पलीकडे होता.

इकडे आड तिकडे विहीर. थांबलं तर खोटे, जावं तर जागा नाही. पण अकरा वर्षं लोकांच्या दारात उभं राहून माणूस थोडा वकील होतोच. "वडील," अगाथोपस म्हणाला, "आम्ही वेशीबाहेर जातो. किनाऱ्यावर होड्यांची खोपी आहे, तिथं रात्र काढतो. ते काही मंडळीचं घर नव्हे. आता मला सांगा, गेलेला पाहुणा परत किती दिवसांनी येऊ शकतो?"

फानियासनं खूप विचार केला. वर बघितलं, खाली बघितलं, ओठ हलवून सगळा नियम मनात म्हणून पाहिला. "त्याबद्दल," तो शेवटी म्हणाला, "नियमात काही नाही."

"मग उद्या सकाळी आम्ही नव्यानं येऊ."

"नव्यानं आलात, तर नव्या गाठी. रात्री मात्र दोन झाल्यात, आता झोपायला वेशीबाहेरच," असं म्हणून फानियास इतका खूश झाला की त्यानं तिसरी भाकरीही दिली.

आणि मग आमच्या बेटावर जो खेळ सुरू झाला तसा कुठल्या रंगमंडपात झाला नसेल. रोज दिवस मावळायच्या आत दोघं वेशीबाहेर जायचे, रोज सकाळी आत यायचे. वेशीवरचा रखवालदार काही आपल्यातला नव्हता, तो रोज विचारायचा, "आज कोण आपण?" आणि पोट धरून हसायचा. मेलित्ता कालच धुतलेले पाय आज पुन्हा धुवायची. सगळे पुन्हा गालाला गाल लावायचे. फानियास दोरी मोकळी करून नवी गाठ मारायचा, पत्र पुन्हा वाचायचा, आणि एक ओळ गाळेल तर शपथ.

पाहुणे नव्यानं आले, असं मंडळी दाखवत होती. आपण नव्यानं आलो, असं अगाथोपस दाखवत होता. फक्त एकच माणूस दाखवत नव्हता.

"अगाथ्या!" बाबा रोज अंगणात पाऊल टाकलं की थबकायचे. "किती गोड गाव रे हे! किती भली माणसं! इथं आपण आधी का नाही आलो?"

लोक हसून हसून लोळायचे. "म्हातारा पक्का सोंगाड्या आहे हो!" बायका म्हणायच्या. "चेहऱ्यावरची रेघ हलत नाही!" मेलित्ताचं नाव बाबा रोज नव्यानं विचारायचे, आणि रोज म्हणायचे, "मेलित्ता! म्हणजे मधमाशी. शोभतं हं तुला, मुली." चौथ्या दिवसापासून मेलित्ता त्या वाक्याची वाट बघायला लागली. विधवा बाईला असं कोण म्हणतं?

अगाथोपसला तर हे सोन्याहून पिवळं झालं. जे झाकायला तो दोन वर्षं खोकत होता, ते आता सगळ्यांसमोर उघडं होतं आणि लोकांना ती गंमत वाटत होती. बाबा जेवून पुन्हा जेवण मागायचे, तर लोक टाळ्या वाजवायचे. अगाथोपस मनात म्हणायचा, असाच वाहत राहा रे वाऱ्या, असाच राहा.

पण वाऱ्यानं एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं काढून घेतलं. खोपीला तीनच भिंती होत्या. बाबांच्या अंगावर जाड झगा आणि त्यावर अगाथोपसचाही झगा. अगाथोपसच्या अंगावर उरला तो वारा. सातव्या दिवशी त्याचं नाक बंद झालं. आठव्या दिवशी डोळे लाल. आणि नवव्या दिवशी, नेमका रविवार, वारा पडला. समुद्र आरशासारखा झाला, बंदरातून निरोप आला की हंगामातली शेवटची होडी दुपारी सुटणार. निरोपाचं प्रवचन ऐकायला अख्खी मंडळी पहाटेच अंगणात हजर झाली, आणि अगाथोपसला खोकला लागला होता. खरा.

त्यानं तोंडात अंजीर कोंबलं, श्वास कोंडला आणि घसा खाकरला. बाबा उठले.

"बंधूंनो, त्या रात्री समुद्र असा काळा होता की..."

अगाथोपसला खोकला आला. एक.

"...आणि मी वल्ह्याला मिठी मारली," बाबा लगेच पुढे गेले. "हाताची कातडी सोलली होती, मी हाका मारत..."

खोकला, खोकला.

"थोडक्यात सांगायचं तर वाचलो," बाबा म्हणाले.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अगाथोपसनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दाबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. खोकला, खोकला, खोकला.

"प्रभूची शांती तुमच्यावर असो!" बाबांनी हात वर केले. "आमेन." आणि बसले.

"आमेन," मंडळी गोंधळून म्हणाली. आमेननंतर शांतीचं चुंबन द्यायचं असतं, म्हणून सगळे उठले आणि गालाला गाल लावायला लागले. तेवढ्यात अगाथोपसनं घशात अडकलेलं अंजीर काढायला जोरात खाकरलं.

बाबा उठले. "बंधूंनो, त्या रात्री समुद्र असा काळा होता की..."

मंडळी धडाधड खाली बसली. खोकला. वल्हं आलं. खोकला, खोकला. थोडक्यात वाचलो. खोकला, खोकला, खोकला. आमेन! पुन्हा सगळे उठले, पुन्हा गालाला गाल. खाकर. "बंधूंनो, त्या रात्री..." असं चार वेळा झालं. पुढच्या ओळीतल्या जाड कुंभाराचे गुडघे बोलायला लागले, तो म्हणाला, "वडील, एकदा ठरवा, बसायचं का उठायचं?" पाचव्या वेळी मात्र कुणी उठलं नाही. अंगणात एकच आवाज उरला, अगाथोपसच्या खोकल्याचा, आणि त्या प्रत्येक खोकल्याबरोबर बाबा उठत होते, बसत होते, हात वर करत होते. घाम फुटला होता म्हाताऱ्याला. तरी थांबत नव्हता.

"थांब!" मेलित्ता ओरडली. तिनं पुढे होऊन अगाथोपसचं तोंड आपल्या ओढणीनं दाबून धरलं. बाबा जिथं होते तिथं उभे राहिले, आणि भिंतीकडे बघत राहिले.

आता हसायला कुणी उरलं नव्हतं.

"हे काय आहे?" फानियास हळूच म्हणाला.

अगाथोपस जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. दोन वर्षं, खोकल्याची खूण, आधीच्या गावातलं दोनदा जेवण, सगळं. काही ठेवलं नाही.

"म्हणजे नऊ दिवस," मेलित्ता म्हणाली, "नऊ दिवस माझा मध ढोसलास, आणि खोकला खोटा होता?"

"आजचा खरा आहे, ताई."

फानियास पांढराफटक पडला होता. त्याच्या आयुष्यात नियम आणि माणूस असे कधी समोरासमोर आले नव्हते. "बंधो, तू आम्हांला फसवलंस."

"फसवलं," अगाथोपस म्हणाला. "मला खोटा म्हणा. पत्र लिहा सगळीकडे, त्यात माझं नावही घाला, तेवढं एकदा तरी कुठल्या पत्रात येईल. पण बाबांना म्हणू नका हो. त्यांनी नऊ दिवसांत एक शब्द खोटा उच्चारला नाही. तुम्ही सगळे सोंग करत होता, मी करत होतो. तो एकटा माणूस रोज खरोखर इथं येत होता. रोज खरोखर त्याला तुम्ही आवडत होता." 

खालून बंदरातून होडीचं शिंग वाजलं. नाखवा ओरडत होता, "येताय का राहताय?"

आणि नेमके तेव्हाच बाबा भिंतीकडून वळले, मेलित्ताकडे बघून गोड हसले, आणि म्हणाले, "मुली, वाढता कधी? सकाळपासून पोटात काही नाही."

अगाथोपसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच ते वाक्य. आता फानियास तोंड उघडणार, आणि मग एकेक दार बंद होत जाणार.

मेलित्ता आत गेली. भाकरी, ऑलिव्ह आणि खारवलेल्या मासळीचा चांगला मोठा तुकडा घेऊन आली. सकाळी घातलं होतं त्याहून मोठा. बाबांच्या पुढ्यात वाडगा ठेवला, आणि कमरेवर हात ठेवून फानियासकडे वळली.

"दादा, नियम म्हणा."

"तुला ठाऊक आहे, मेलित्ता."

"म्हणा."

"तिसऱ्या दिवशी जो राहील तो खोटा."

"बरं. मग विचारा त्यांना, त्यांचा कितवा दिवस आहे."

"नववा आहे. ही दोरी रोज मीच..."

"तुमच्या दोरीला नका विचारू. त्यांना विचारा."

फानियास बाबांसमोर उकिडवा बसला. बाबा मन लावून मासा खात होते. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे कधी आलात?"

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की काय हा खुळा प्रश्न. "आत्ताच की," ते म्हणाले. "अजून पायसुद्धा धुतले नाहीत तुम्ही लोकांनी." मग त्यांनी अंगणभर नजर फिरवली. "अगाथ्या! किती गोड गाव रे हे. इथं आपण आधी का नाही आलो?"

फानियासचे ओठ हलायला लागले. नियम त्यानं मनात उलटासुलटा तपासला असेल. मग त्यानं कमरेची दोरी सोडली, सकाळी मारलेली एक गाठ दातांनी ओढून मोकळी केली, आणि दोरी बाबांच्या हातात दिली.

"यांचा तिसरा दिवस," तो मंडळीला म्हणाला, "यांचा तिसरा दिवस काही येत नाही. नियम मोडत नाही."

जाड कुंभार मोठ्यानं आमेन म्हणाला. आमेन म्हटल्यावर काय करायचं ते ठरलेलंच, सगळे पुन्हा उठले आणि गालाला गाल लावायला लागले.

"आणि हा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. "याला तर नऊच्या नऊ दिवस पाठ आहेत."

तेही खरंच होतं. अगाथोपसनं थैली उचलली. बाबांची सोय झाली, मिळवलं. खाली नाखवा शिव्या द्यायला लागला होता.

"ठेव ती खाली," फानियास म्हणाला. आता त्याला नियमाची चव लागली होती. "ज्याच्या हातात धंदा आहे आणि ज्याला गावात राहायचंय, त्यानं काम करून खावं, असंही आहे. तुझ्या हातात काय?"

"मासे धरायचो," अगाथोपस म्हणाला. "पूर्वी."

"मला मासळीला माणूस हवाच आहे," मेलित्ता म्हणाली. "फक्त पिंपावर खोकायचं नाही."

होडी गेली. त्या रात्री अगाथोपस बाबांशेजारी मेलित्ताच्या मासळीच्या कोठीत चार भिंतींच्या आत झोपला. दुसऱ्या रात्रीही झोपला. तिसऱ्या रात्री त्याला झोपच लागेना. अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप निघायला बघत होते. उजाडता उजाडता मेलित्ता दळायला उठली तर हा थैली खांद्यावर टाकून वेशीकडे चाललेला. तिनं मागून हाक मारली, "अहो पाहुणे, कुठे?" तेव्हा तो भानावर आला, आणि तिथंच रस्त्यात बसून हमसाहमशी रडला. मग परत येऊन सूर्य डोक्यावर येईपर्यंत मेल्यासारखा झोपला.

बाबा मात्र पुढेही रोज सकाळी येतच राहिले. कोठीतून अंगणात दहा पावलं, पण त्यांचं ते येणंच होतं. कुणी ना कुणी पाय धुवायला असायचं, त्याच्या पाळ्या लागल्या. कामाला जायच्या आधी लोक गालाला गाल लावून जायचे. आणि फानियास पत्र वाचायचा. कशाला, असं एकदा कुंभारानं विचारलं, तर तो म्हणाला, "पाहुणा आलाय. पत्र नको वाचायला?"

हिवाळ्यातल्या एका सकाळी तो असाच बोटानं अक्षरं दाबत वाचत होता. सत्याचा खांब झाला. मंडळीचा दिवा झाला. अगाथोपस दाराजवळ मासळीला मीठ चोळत होता. शेवटची ओळ आली. फानियासचं बोट कागदावर थांबलं. जन्मात ज्यानं लिहिलेल्या शब्दाला हात लावला नाही, त्या माणसानं एकदा वर बघितलं आणि वाचलं, "आणि सोबत अगाथोपस. ज्यानं याला केसांना धरून ओढून काढलं तो."

 फानियास पत्राची घडी घालत बसला, ती त्याला नीट येईना. अगाथोपसच्या घशात हुंदका दाटून आला, आणि तो गिळायला त्यानं घसा खाकरला.

थ्रासोनबाबा लगेच उठून उभे राहिले. "बंधूंनो," ते म्हणाले, "त्या रात्री समुद्र असा काळा होता की..." आणि कामाला निघालेले सगळे पुन्हा खाली बसले.